तुमची निवड झाली आहे

शनिवार, १० मार्च २०१२. सकाळ.

रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. मागची तीन वर्षांपूर्वी बंद पडली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. त्याला जबाबदार हे गाव. सॉल्टमध्ये सध्या अक्कल असलेली माणसं मोजून एक.

ठराव: महिनाअखेर जाहाचं भाषण पुरं करायचं. ४३ पानं झाली. अजून नवऱ्यामुलाचं नाव यायचंय, पण प्रस्तावना भक्कम आहे.

मुलाकडच्या चाळीस-पन्नास पुरुषांनी मुलीच्या घरी मागणी घालायला जायचं, ही जाहा. तिच्या म्होरक्याने बोलायचं. मुलीकडच्यांनी पुढ्यात कॉफी ठेवायची आणि होकार येईपर्यंत कपाला कुणी हात लावायचा नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला नियम. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, शब्द कुठे टाकायचा मला कळतं. तरी सात वर्षांत एकाही घराने मला म्होरक्या म्हणून बोलावलेलं नाही. मत्सर, दुसरं काय.

हल्ली प्रत्येक जाहेत पुढे अबू घाझी. हा मनुष्य हयातभर लोकांना ड्रायव्हिंग शिकवत आला. बोलतो तीन मिनिटं. लोक म्हणतात, वा, मोजकं बोलला! तीन मिनिटांत माझं बिस्मिल्लासुद्धा नीट होत नाही.

मला कुणी बोलावलं तर सॉल्टला कळेल भाषण कशाला म्हणतात. मी वाट बघत नाहीये. फक्त तयार आहे.

त्याच दिवशी, दुपारी १२.१५

हल्ला झाला आहे.

मेल आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी, टोकाला जर्मनीचं शेपूट. मजकूर: "अस्सलामु अलैकुम. परमआदरणीय महोदय, एकमताने आपली निवड झाली आहे. आपल्या होकारावाचून हे कार्य पुढे जाऊ शकत नाही. तपशील सोबतच्या फाइलीत. उत्तर गुरुवारपर्यंत अपेक्षित." सही नाही, नाव नाही.

उघड उघड चोर. पण भाषा शुद्ध, एक चूक नाही. आजकाल आपल्या मुलांना येत नाही आणि चोरांना येते! या कौतुकापायीच मी फाइलवर क्लिक केलं. पडदा गोठला. मशीन घरघरलं. मी क्षणाचाही विलंब न करता भिंतीतली वायर उपटली. दुसरा कुणी असता तर बघत बसला असता.

भाषण त्याच मशीनमध्ये आहे. दुसरी प्रत नाही. छापून ठेवलं असतं तर अबू घाझीच्या हाती लागलं असतं.

सोमवार, १२ मार्च

धीर करून मशीन लावलं. भाषण जागेवर आहे. बाकी लक्षणं वाईट. सुरू व्हायला अकरा मिनिटं. घड्याळ २००३ साल दाखवतंय. पंखा आवाज करतो. बायको, उम्म सिनान, म्हणाली, पंखा विकत आणल्यापासून आवाज करतोय. तिला काय कळतंय? पूर्वीचा आवाज म्हातारपणाचा होता, आत्ताचा खुनशी आहे.

व्हायरस पाठवला कुणी? भाषण नष्ट झाल्यावर फायदा कुणाचा? अबू घाझीचा. पण त्याला मेल लिहिता येणार नाही, त्याला चौथा गिअर धड टाकता येत नाही. म्हणजे त्याने माणूस लावलाय, जर्मनीत.

दुसरा संशयित आयेद. माझा धाकटा भाऊ. हे नाव या घरात घेतलं जात नाही, इथे फक्त नोंदीसाठी लिहितो. सात वर्षांपूर्वी माझ्या मुलाची, सिनानची जाहा. मी बोलत होतो. सभा डोलत होती. चाळिसावं मिनिट, मी नुकताच उमय्या खलिफांच्या काळातून बाहेर येत होतो, आणि या आयेदने सगळ्यांदेखत समोरचा कप उचलला आणि प्यायला! होकाराच्या आधी! वर म्हणाला, दादा, थंड झाली रे. अख्खी सभा हसली. मुलीच्या बापाने हसत हसतच होकार देऊन टाकला. माझी अर्धी पानं खिशात राहिली.

त्याच रात्री उम्म सिनानला शपथ घालून बांधून टाकली: त्या घराचं नाव, निरोप, बातमी माझ्या कानावर घालायची नाही. बाई शब्दाची पक्की. सात वर्षांत एक अक्षर नाही. त्या घरचे सगळे नंबर मी फोनमध्ये बंद केले. त्यांच्यातल्या कुणी दारात पाय ठेवला तर तो पाय इथेच राहील असंही कळवलं. तेव्हा घर तसं सुरक्षित आहे. फक्त मेलचं भोक बुजवायचं राहून गेलं.

बुधवार, १४ मार्च. दुपारी ४

चोराचा दुसरा मेल! "महोदय, आपलं उत्तर नाही. वडील रोज विचारतात. उद्या गुरुवार."

वडील म्हणे! टोळीच्या नायकाला आता वडील म्हणू लागले.

सोडणार नाही. उत्तर लिहायला बसलो आणि काय सांगू, असा ओघ मला कित्येक वर्षांत लागला नव्हता. अडीच पानं. मुख्य भाग इथे उतरवून ठेवतो, पुढेमागे संग्रहात घेता येईल:

"हे नीच मनुष्या! ज्या बापाच्या नावाने तू उत्तर मागतोस तो बाप गाढव, आणि त्या गाढवाला वाढवणारा त्याचा बाप त्याहून मोठं गाढव. तुझ्या सात पिढ्यांत एकही सरळ माणूस निपजला असेल तर मी मिशा उतरवीन. तुझ्या घरात कधी लग्न न होवो. झालंच तर तुझ्या पंगतीतल्या मन्सफमध्ये मांस नसो, नुसता भात असो. तुम्ही निवड करणारे कोण? उकिरड्यावर बसून राजा निवडता? माझं उत्तर: नाही, नाही, त्रिवार नाही."

खाली पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्तीचं वर्ष. आपण चोरासारखे निनावी लिहीत नाही.

पाठवलं. मोठा आवाज करून गेलं. आज झोप छान लागणार.

गुरुवार, १५ मार्च

उम्म सिनान माझा काळा झगा लाँड्रीतून घेऊन आली. तोच, सोनेरी काठाचा, जाहाचा. मी विचारलं, कुणाचा मुडदा पडला? म्हणाली, शुक्रवारी वगैरे लागेल. कुठल्या शुक्रवारी? तर कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, अहो, मेल नीट वाचलात ना? शेवटपर्यंत?

आता हिला मेलचं कुणी सांगितलं? मी नाही. संशयितांची यादी वाढली. घर का भेदी म्हणतात ते उगीच नाही.

मी दरडावून विचारलं. तर डोळे पुसत म्हणाली, मला त्या शपथेतून सोडवा, एवढं एकच सांगू द्या. मी म्हटलं, शपथ म्हणजे काय गॅसची टाकी आहे, रिकामी झाली की परत घेतात? ती म्हणाली, तुम्ही माणूस आहात की सॉल्टच्या पायऱ्या, चढणाराचा नुसता जीव जातो. आणि आत निघून गेली.

मग आतून शूज पॉलिश केल्याचा आवाज. माझेच शूज. हिचं काहीतरी बिनसलंय.

शनिवार, १७ मार्च

मशीन हनादीकडे नेलं. पायऱ्यांखालच्या कॉम्प्युटर दुकानाची मालकीण ती. बाई पंचेचाळिशीची, सतत च्युइंगगम. हिच्या भावाला मी नववीत भूगोलात दोनदा बसवला होता. तो आखाती समुद्र लाल रंगाने रंगवायचा. तेव्हा सावधच होतो.

अर्धा तास खटपट करून मला काका करत म्हणते, अम्मो, व्हायरस-बियरस काही नाही. मशीन थकलंय. त्या फाइलीत मोठे मोठे फोटो आहेत, या बिचाऱ्याला ते पेलवले नाहीत, बस. दोन पोरांचा जुना फोटो दिसतोय, गाढवावर बसलेली. खाली पत्र आहे. उघडून वाचून दाखवू का?

मी ओरडलो, हात लावशील तर खबरदार! दुकानातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. गाढवाचा फोटो! मी पत्रात गाढव लिहिलं, आणि लगेच गाढव. म्हणजे ते माझे शब्द वाचतायत, असं मी तिला सुनावलं.

हनादी म्हणाली, अम्मो, मेल आधी आलाय, तुमचं गाढव नंतरचं.

हा सरळसरळ हिच्या नापास भावाचा सूड. मी हुकूम दिला: सगळं पुसून टाक, फॉर्मॅट कर. ती म्हणाली, नीट विचार करा, काही ठेवायचंय का? भाषण ठेवायचं होतं. पण हिच्या देखत फाइलचं नाव उच्चारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर. तिला मागे वळायला लावलं आणि पेन ड्राइव्हवर स्वतःच्या हाताने घेतलं, पडद्यावरचं ते चित्र उचलून. एका क्षणात झालं. ४३ पानं आणि एवढीशी जागा! लोक उगाच या गोष्टींचा बाऊ करतात.

मंगळवार, २० मार्च. सकाळी ११

मशीन घरी आलं. स्वच्छ. शत्रू नेस्तनाबूत.

११.२०

भाषण उघडत नाही.

१.००

हनादीकडे धावलो. तिने पेन ड्राइव्ह लावून बघितला आणि च्युइंगगम चघळणं थांबवलं. म्हणाली, अम्मो, तुम्ही भाषण नाही आणलंत. दारावरची पाटी उचलून आणलीत. घर जागेवरच होतं, ते मी पाडलं. तुम्हीच पाडायला सांगितलंत.

मी विचारलं, परत येईल का? म्हणाली, अल्लाची मर्जी. ड्रायव्हिंग शिकवणारा अबू घाझीसुद्धा हेच म्हणतो.

घरी येऊन दोन कप फोडले. सात वर्षं. उमय्यांचा भाग तर डोळ्यांत पाणी आणणारा होता. माझ्या तरी यायचं.

दोष: हनादी, तिचा भाऊ, अबू घाझी, जर्मनी. माझा हेतू शुद्ध होता.

गुरुवार, २२ मार्च

सकाळी ब्रेडवाला अबू लुआई दुकानातून ओरडला, मबरूक, उस्ताद! हजार मबरूक! गावाला कळलंय तर, मी व्हायरसचा निकाल लावला ते. मी म्हटलं, अल्ला तुझं भलं करो, एकट्यानेच केलं, घरच्यांची काडीची मदत नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी रोट्या न मोजताच घेतल्या. पुढे धोब्यानेही मबरूक म्हणत अभिनंदन केलं. मग शाळेच्या शिपायाने. सगळ्यांना म्हटलं, कर्तव्य होतं. शिपाई म्हणाला, मग उद्या तुम्हीच बोलणार ना?

उद्या काय? विचारणार होतो, पण ज्याला आपण घंटा वाजवायला लावलं त्याला प्रश्न विचारणं बरं दिसत नाही.

उम्म सिनानने झगा दाराच्या खुंटीला टांगून ठेवलाय. मी दोनदा आत नेऊन ठेवला, दोनदा परत खुंटीला.

शुक्रवार, २३ मार्च. दुपारी ३.१०

उम्म सिनान नवीन कपडे घालून निघाली. कुठे? म्हणाली, सांगता येत नाही, शपथ आहे. उंबऱ्यावर थांबली. म्हणाली, झगा खुंटीला आहे. शूज खाली आहेत. मी पाच मिनिटं पायऱ्यांवर थांबते.

मी पेपर उघडला. घरातल्या बायकांनी अटी घालायला सुरुवात केली की संपलंच.

३.४०

खालून जाहा चाललीय. वीस तरी गाड्या. हॉर्न. पहिल्या गाडीत, अर्थात, अबू घाझी, झगा घालून. निरखून पाहिलं, झगा त्याला लांब होतो.

दुसऱ्या गाडीत आयेद. केस पांढरे झालेत त्याचे. सगळे. मला माहीत नव्हतं.

त्याची गाडी आमच्या पायऱ्यांपाशी थांबली. हॉर्न बंद झाले. मागच्याही सगळ्या थांबल्या. तो वर बाल्कनीकडे बघत होता. मी पडद्याआड होतो, दिसलो नसेन. दोन मिनिटं तरी झाली असतील. मग गेले.

पुढे ट्रॅफिक असणार.

संध्याकाळी ७.३०

उम्म सिनान परत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, शपथ मोडते. तीन दिवस उपास धरीन, अल्ला माफ करील, तुमचं तुम्ही बघा. आणि सात वर्षांचं सगळं एका दमात बोलली. मी मध्ये बोलायला गेलो तर म्हणाली, आज तुम्ही ऐकायचं.

आयेदच्या कुतैबाचं लग्न ठरलं. माझा पुतण्या. आयेद म्हणाला, जाहेचा म्होरक्या माझा भाऊच होणार, नाहीतर जाहा जाणार नाही. पोरांनी सांगितलं, बाबा, ते पहाटेपर्यंत बोलतील. तो म्हणाला, बोलू दे. सगळं खानदान बसलं आणि एकमताने ठरलं. फोन बंद, दार बंद, बायकोच्या तोंडाला कुलूप. उरला मेल. कुतैबा शिकायला जर्मनीत असतो, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावरून त्याने लिहिलं. आयेद म्हणाला होता, शुद्ध लिही, काकांना ऐरीगैरी भाषा चालत नाही. आणि आपलं नाव अगदी शेवटी फाइलीत घाल, वर दिसलं तर न वाचताच पुसून टाकतील. सोबत आमचा फोटो घातला, मी आणि आयेद, आजोबांच्या गाढवावर.

माझं उत्तर आलं तेव्हा कुतैबा सुट्टीवर घरी आलेला होता. लपवू बघत होता. आयेदने काढून घेतलं आणि अडीचही पानं वाचली. मग म्हणाला, सात पिढ्यांतलं पहिलं गाढव मी, बरोबर आहे. पण उरलेले सहा त्याचेपण बाप-आजे आहेत की रे. आणि हसला. उम्म सिनान म्हणाली, अहो, आपलेच दात, आपलेच ओठ. चावून चावून किती चावाल.

मी विचारलं, भाषण कसं झालं?

म्हणाली, अबू घाझी तीन मिनिटं बोलला. होकार आला. सगळ्यांनी कप उचलले. आयेदने नाही उचलला. मुलीचा बाप आयेदला म्हणाला, अबू कुतैबा, प्या, तोंड गोड झालंय. आयेद म्हणाला, तुम्ही घ्या. माझ्या भावाचं बोलणं अजून व्हायचंय.

दोन तास बसला. कप तसाच ठेवून उठला.

पंखा बंद होता तरी आवाज येत होता कुठून तरी.

शनिवार, २४ मार्च. सकाळी १०

ठराव: माफीचा मेल. झटकन. साधी भाषा. लिहिला: "कुतैबा, बाळा, चूक झाली. काका." आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान लिखाण. पाठवला.

१०.०२

परत आला. जर्मनीच्या मशीनचं म्हणणं: या पत्त्यावरून पूर्वी शिवीगाळ व धमक्या आल्या आहेत, सबब येथून येणारी पत्रे घातक समजून रोखली जातात.

१०.३०

उम्म सिनान म्हणाली, तीन गल्ल्या खाली राहतो तो. पंच्याण्णव पायऱ्या. पायऱ्यांना पासवर्ड लागत नाही.

बरोबर आहे. जायचंच. झगा नको, भाषण नको. दार वाजवायचं, कप मागायचा, दोन शब्द बोलायचे आणि प्यायचा. ठरलं. फक्त ते दोन शब्द तेवढे आधी कागदावर उतरवून घेतो, ऐनवेळी गडबड नको.

दुपारी ४

अकरा पानं झाली आहेत. उमय्यांचा भाग आठवतोय तसा घालतोय.